कुठेही असतात

रविवार, रात्री

"झाडं काय ताई, कुठेही असतात."

वहिनी सहज बोलून गेली. मनात काही ठेवून बोलणारी ती नाहीच. राणीच्या बागेत आलो होतो, ओमला पेंग्विन बघायचे होते, तिकडची रांग वाढत चालली होती, ऊन डोक्यावर आलं होतं आणि मी "दोन मिनिटं थांबा, उर्वशीचं झाड फुललंय" म्हणून सगळ्यांना वाटेत अडवून धरलं होतं. दादा घड्याळ बघत होता. ती बोलली, ते पुढे गेले, त्यांच्यापाठोपाठ मीही गेले. पेंग्विन झाले, वाघ झाला, बाहेर येऊन उसाचा रस झाला, भायखळ्याहून गाडी मिळाली, सगळं नीट पार पडलं. आणि आता साडेअकरा वाजले तरी झोप येत नाही. एवढंसं वाक्य, पण घशात अडकल्यासारखं झालंय.

राग आलाय का? नाही. वहिनीचा तर मुळीच नाही. गेला महिनाभर तिचं जे चाललंय त्यात तिने राणीच्या बागेपर्यंत यायचं कबूल केलं हेच खूप. मग काय लागलं मला? झाडांचा अपमान झाला म्हणून वाईट वाटावं इतकी काही मी संत नाही. कदाचित असं असेल, की मला जे जिवापाड आवडतं ते माझ्या माणसांना दिसतच नाही. दिसलं आणि नावडलं, तर मी वाद घालीन. पण इथे नजर त्यावर पडते आणि घसरून पुढे जाते. ऑफिसातही हेच... जाऊ दे, ते नको आज.

उर्वशी कुठेही नसते. हे मला तिथेच सांगायचं होतं, तोंडातून फुटलं नाही. मूळची ब्रह्मदेशची. रानात तर ती आता जवळजवळ सापडतच नाही. शेंग क्वचित धरते, त्यामुळे रोपं करायची तर गुटी कलमाची खटपट करावी लागते. 1827 मध्ये वॉलिक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती साल्विन नदीजवळ एका मठाच्या मोडकळीला आलेल्या बागेत दिसली. जवळच्या गुहांमध्ये बुद्धमूर्तींपुढे तिची फुलं ओंजळ ओंजळ वाहिलेली होती, असं त्याने लिहून ठेवलंय. गव्हर्नर जनरलच्या बायकोच्या, लेडी अ‍ॅम्हर्स्टच्या नावावरून त्याने तिला अ‍ॅम्हर्स्टिया म्हटलं. आपण उर्वशी म्हणतो, तेच तिला शोभतं.

आज मी मान वर करून उभी होते तेव्हा हातभर लांबीचे घोस सुटले होते. देठसुद्धा लालभडक, आणि एकेक फूल त्या देठावरून बाजूला झेपावलेलं. वरची पाकळी पंख्यासारखी रुंद, तिच्या टोकाला हळदीचं बोट लावावं तसा पिवळा ठिपका. फुलांइतकीच मला तिची कोवळी पालवी आवडते. तपकिरी-गुलाबी, ओल्या फडक्यासारखी लुळी, मान टाकून लोंबणारी. बघणाऱ्याला वाटावं, झाड गेलं. मग तीच पानं हळूहळू हिरवी होतात आणि ताठ उभी राहतात. हे सगळं ओमला दाखवायला खरंच दोन मिनिटं पुरली असती.

सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की बाग मुळात झाडांचीच. 1835 मध्ये शिवडीला अ‍ॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी या शेती-बागायतीच्या संस्थेला जागा मिळाली, तिने तिथे बाग फुलवली. पुढे ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी घेतली आणि बाग भायखळ्याला माउंट इस्टेटवर आली. 19 नोव्हेंबर 1862 ला लेडी फ्रियरच्या हस्ते ती लोकांना खुली झाली. 33 एकर, व्हिक्टोरिया गार्डन्स. सोसायटी मोडीत निघाल्यावर 1873 मध्ये ती नगरपालिकेकडे गेली. आणि प्राणिसंग्रहालयासाठी 15 एकर जोडले ते 1890 मध्ये! म्हणजे अठ्ठावीस वर्षं मुंबईची माणसं इथे येत होती ती जनावरांचा भाग नसलेल्या बागेत. हे मी आज कुणाला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? दादा "बरं" म्हणाला असता.

286 जातींची 3,213 झाडं, असा आकडा बाग वाचवायला उभ्या राहिलेल्या लोकांकडून नेहमी येतो. आफ्रिकेची गोरखचिंच आहे, तिचा बुंधा कवेत घ्यायला घरातली सगळी माणसं लागतील. कैलासपती आहे, त्याची तोफगोळ्यांसारखी फळं थेट खोडाला लटकतात आणि फुलांचा वास लांबवर येतो. मादागास्करचा कोलव्हिलिया आहे, तो पाऊस ओसरता ओसरता केशरी होतो. सीतेचा अशोक आहे. पंधराएक वर्षांपूर्वी प्राणिसंग्रहालयाचा मोठा परदेशी थाटाचा आराखडा आला, तेव्हा काही बायका या झाडांसाठी कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. मोजण्या केल्या, पुस्तिका काढल्या, कचेऱ्यांमध्ये खेटे घातले. त्या नसत्या तर आज उर्वशीच्या जागी काय असतं, याचा विचारही मला करवत नाही. त्यांनाही कुणीतरी म्हणालंच असेल, झाडं काय, कुठेही लावता येतील. त्या मात्र गप्प बसल्या नाहीत. मी बसले.

दुपारी मी थोडा वेळ मागे राहिले आणि बागेलगतच्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात जाऊन दगडी हत्तीसमोर उभी राहिले. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, तुकडे इथे आणून टाकले, आणि 1914 मध्ये ते जोडून त्याला उभं केलं. नीट बघितलं तर अंगावरचे सांधे दिसतात. कडेवरच्या पोरासारखं बारकं काहीतरी त्याच्या पाठीवर होतं म्हणतात, आता काही ओळखू येत नाही. फोर्टातला काळ्या घोड्याचा पुतळाही, वर बसलेल्या एडवर्ड राजासकट, 1965 मध्ये इथेच आणून ठेवला. शहराला जे नको झालं, जे फुटलं, ज्याचं काय करायचं ते कळेना, त्याला या बागेने जागा दिली. हत्तीपाशी उभं राहून मला रडू येईलसं वाटलं. मग एक कुटुंब फोटो काढायला आलं, मी बाजूला झाले.

रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती तरी "हो गं" म्हणेल. ती म्हणाली, "मला राणीच्या बागेतला हत्तीच आठवतो. अण्णांनी आम्हा भावंडांना हत्तीवर बसवलं होतं. मी घाबरून बोंब ठोकलेली." मी विचारलं, आणि झाडं? आई जरा थांबली. "झाडं कोण बघतंय? पण डबा झाडाखालीच खाल्ला ना. पोळ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. तशी गार सावली आमच्या चाळीत कुठली? खाऊन अण्णा तिथेच आडवे झाले. रात्रपाळी करून आलेले."

मी गप्पच झाले.

गिरणगावातल्या किती घरांनी असाच डबा खाल्ला असेल. झाडाचं नाव कुणी विचारलं नसेल. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला तासभर डोळा लागला, तेवढं झाडाने केलं आणि झाडाला तेवढं पुरलं. मला पुरत नाही, कारण मला वाटतं सगळ्यांनी मान वर करून बघावं, माझ्यासारखं बघावं, माझ्याशेजारी उभं राहून बघावं. शेवटचं वाक्य लिहिताना कळलं, की खरं दुखणं तिथे आहे. त्यावर आज आणखी लिहायला नको.

आणि पेंग्विनांवर तरी राग का धरायचा? 2016 मध्ये सोलहून आणले तेव्हा मी किती तावातावाने बोलले होते, ते दादाला अजून पाठ आहे. त्यातला एक लवकरच मेला तेव्हाचं वाईट वाटणं आजही आहे. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्याला भायखळ्याच्या गारेगार खोलीत ठेवावं, हे मला आजही पटत नाही. पण ते आल्यापासून ओमच्या वर्गातल्या सगळ्यांना राणीची बाग ठाऊक झाली, हेही तितकंच खरं. काचेला नाक लावून तो उभा होता तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला. हत्तीसमोर आईचा असाच झाला असेल. बोंब ठोकायच्या आधी. पोरं जनावरांसाठीच येणार. येऊ देत. परतीच्या वाटेवर तो दमून ज्या झाडाखाली बसला ते कुठलं, हे मी त्याला सांगितलं नाही. मुद्दामच. त्याने दोन बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायला आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलं. वहिनीही तिथेच बसली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झालेले बघितले.

तरी "कुठेही असतात" हे काही मला पटायचं नाही. ते मी वहिनीला सांगणार आहे, भांडून नाही, नीट सांगणार आहे. बुधवारी बाग बंद असते. गुरुवारी अर्धी रजा टाकून सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत जाता येईल. उर्वशीचा बहर फार टिकत नाही, पुढच्या रविवारपर्यंत घोस गळून गेलेले असतील. उद्या दुपारी तिला फोन करते. ओमला शाळा, दादाला ऑफिस, आम्ही दोघीच. डबा मी करीन म्हणून सांगते. नाही म्हणाली तर एकटी जाईन, पण मला वाटतं ती येईल.