विहीर इकडं, रान तिकडं

आज मोहोळ तालुक्यात मामांच्या गावी शक्तिपीठ महामार्गाविरोधातल्या बैठकीला गेलो होतो. मारुतीच्या पारावर माणूस मावत नव्हता. बायकाही मोठ्या संख्येनं आल्या होत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

हा प्रस्तावित नागपूर-गोवा महामार्ग, वर्धा जिल्ह्यातलं पवनार ते गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर आणि १२ जिल्हे. एका म्हाताऱ्या आबांनी सातबारा पुढं धरला आणि म्हणाले, "पैसं देत्याल, पर हिरीचं काय? हीर रस्त्याच्या ह्या अंगाला, ऊस त्या अंगाला. पाइपलाइन कुठनं न्यायची?"

मोबदला मिळतो तो मुख्यतः गेलेल्या गुंठ्यांचा. उरलेल्या तुकड्याचं पाणी तुटलं, बांधावरची वाट तुटली, तर ती जमीन असून नसल्यासारखीच.

त्याहून मोठी भीती ओढ्यांची आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं काय केलं ते आपण सोलापूरकरांनी पाहिलंय. उभी पिकं गेलीच, काळी मातीही खरवडून गेली. अशा रानात उंच भराव घातला आणि मोऱ्या अपुऱ्या ठेवल्या, तर पाणी वरच्या अंगाला तुंबणार, दुसरीकडं एकाच मोरीतून जोरानं सुटून बांध फोडणार. शिवाय आधीचा रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्या सांगोला, मंगळवेढा, सोलापूरवरूनच जातो. मग आणखी बागायत का मोडायची, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मोजणीला संमती द्यायची नाही, असं गावानं ठरवलंय. मी गावासोबत आहे. ज्यांची रानं आखणीत येतात त्यांनी लेखी हरकत नोंदवा आणि पोच जपून ठेवा.