बत्तिसाव्या सेकंदाला तुटणारा फोन

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात अजूनही टेबलावरचा फोन आहे, कारण सहा महिन्यांसाठी राहायला आलेल्या सासूबाईंना बटणांचाच फोन सोयीचा वाटतो. तो चालतो इंटरनेटवर; फोनची वायर एका छोट्या अ‍ॅडॅप्टरमध्ये जाते आणि तो अ‍ॅडॅप्टर राउटरला जोडलेला आहे. इंटरनेट कंपनीने राउटर बदलून दिला आणि तेव्हापासून बाहेरून आलेले फोन मध्येच तुटू लागले. शिकागोच्या मावशींचा फोन यायचा, खुशाली विचारून होते न होते तोच तो कट व्हायचा आणि दोघी बहिणींना वाटायचे की समोरचीनेच ठेवला. "एवढी घाई असते तर फोन करतेच कशाला ती?" असे सासूबाई दुसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा मी हे काम हातात घेतले.

ग्राहक सेवेने तीन वेळा राउटर बंद करून चालू करायला लावला. त्याचा उपयोग झाला नाही. मग मी मोबाइलवरून घरी फोन लावला आणि ओट्यावरचे टायमर घेऊन बसलो. पहिला फोन ३२ सेकंदांनी तुटला, दुसरा ३२, तिसराही ३२. इंटरनेट खराब असते तर फोन कधी दहा सेकंदांनी, कधी चार मिनिटांनी तुटला असता. दर वेळी तोच आकडा येतो म्हणजे कोणीतरी घड्याळ लावून बसले आहे.

ते घड्याळ इंटरनेटवरचे फोन जोडण्या-तोडण्याच्या एसआयपी नावाच्या नियमावलीत आहे. आपण फोन उचलला की अ‍ॅडॅप्टर "उचलला" असा निरोप पाठवतो आणि पलीकडून त्याची पोच येण्याची वाट पाहतो. पोच आली नाही तर तोच निरोप अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन आणि पुढे दर चार सेकंदांनी पुन्हा जातो, आणि ३२ सेकंद झाले की तो स्वतःच फोन ठेवून देतो. अ‍ॅडॅप्टरच्या नोंदींत हा निरोप एकाखाली एक अकरा वेळा गेलेला मला दिसला. आवाज वेगळ्या वाटेने ये-जा करत असल्याने तोवर बोलणे मात्र अगदी स्वच्छ चालू राहते. आपण लावलेल्या फोनमध्ये पोच पाठवायचे काम आपल्याकडे असते, म्हणून ते फोन कधी तुटत नव्हते.

पोच हरवत होती ती राउटरच्या अतिउत्साहामुळे. एसआयपी एएलजी नावाची एक सोय त्यात असते, जी जाणाऱ्या निरोपातला आपला पत्ता मदत म्हणून बदलते. आमच्याकडे ती तो चुकीचा बदलत होती आणि पोच भलतीकडेच जात होती. ही सोय बंद करावी म्हटले, तर कंपनीच्या राउटरमध्ये तसे बटणच नव्हते. अखेर अ‍ॅडॅप्टर निरोप उघडे पाठवणाऱ्या यूडीपी पद्धतीऐवजी ते कुलूपबंद करणाऱ्या टीएलएस पद्धतीवर, ५०६१ क्रमांकाच्या पोर्टवर नेला. आता निरोप कुलूपबंद जातात, राउटरला ते वाचता येत नाहीत आणि म्हणून त्यांत ढवळाढवळही करता येत नाही. फोन सेवा टीएलएस देत नसेल, तर कंपनीचा राउटर ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे त्याला फक्त इंटरनेट पुढे देण्यापुरता ठेवून, मागे आपला राउटर लावणे, हा एक मार्ग आहे.

काही फोन तर वाजतच नव्हते, थेट व्हॉइसमेलला जात होते. हा दोष वेगळा होता. अ‍ॅडॅप्टर दर ३६०० सेकंदांनी फोन सेवेकडे हजेरी लावत होता आणि राउटर मात्र सेवेकडून आत येण्याची वाट, तिच्यावर काही ये-जा नसली की, काही मिनिटांतच विसरून जात होता. आपण एखादा फोन लावला की त्यानंतर थोडा वेळ बाहेरचे फोन नीट येतात, ही याची खूण. दर ३० सेकंदांनी एक रिकामे पॅकेट पाठवून ती वाट जागी ठेवणारी कीप-अलाइव्ह सेटिंग चालू केली आणि ते थांबले.

राउटरचे सॉफ्टवेअर कंपनी आपल्याला न विचारता बदलते, म्हणून अधूनमधून मी ऑफिसमधून घरी फोन लावतो आणि सासूबाईंना सांगतो, "आई, चाळीस सेकंद ठेवू नका."