आईचं नाव कागदावर नव्हतं

काल चिऊच्या शाळेतून नवीन वर्षाचे फॉर्म आले. फोटोची परवानगी, जेवणात काय चालतं काय चालत नाही (आमचं ठरलेलं, मांस मासे नको), आणि सगळ्यात खाली देलेगा. म्हणजे आईबाप सोडून मुलाला शाळेतून घरी कोण नेऊ शकतं त्याचं अधिकारपत्र. तो कागद हातात आला आणि मे महिन्यातला तो दिवस जसाच्या तसा समोर उभा राहिला. तेव्हाच लिहायचं होतं पण तेव्हा राग इतका होता की दोन ओळींच्या पुढे जमलं नाही.

आई एप्रिलच्या शेवटी नाशिकहून आमच्याकडे इटलीत बोलोन्याला आली. पहिल्यांदाच. बाबा गेल्यानंतर तिला घराबाहेर काढायला आम्हाला दोन वर्षं लागली. आल्या आल्या चिऊ तिला अशी चिकटली की रात्री झोपायलाही तिच्याकडेच. चिऊ साडेचार वर्षांची, तिचं मराठी तोपर्यंत मोडकंतोडकं होतं, ते आईने पंधरा दिवसांत इतकं सुधारलं की मला "अगं आई, असं नाही, असं म्हणतात" म्हणून शिकवायला लागली. आई रोज दुपारी माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालत यायची, त्यामुळे तिला रस्ता पाठ झाला होता. घरापासून शाळेपर्यंत जवळजवळ सगळा रस्ता पोर्तिकोखालून आहे. बोलोन्यात फुटपाथवर कमानींचं छतच असतं, पाऊस असो ऊन असो बाबागाडी घेऊन निवांत चालता येतं, आणि 2021 मध्ये त्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जाही मिळाला. आई म्हणाली, अगदी आपल्या जुन्या वाड्यांच्या ओसऱ्या एकाला एक जोडल्यासारखं आहे की गं.

तर त्या दिवशी माझी बाळाच्या इथे राहण्याच्या परवान्यासाठी ऑफिसात वेळ होती, बाराची. दीड वर्षाच्या पोराचे बोटांचे ठसे काही घेत नाहीत, पण त्याला समोर हजर करावं लागतं. बाराची वेळ म्हणून मी निर्धास्त होते, शाळा सुटते चार ते साडेचारच्या मधे. अडीच वाजले, तीन वाजले, नंबर काही येईना, बाळ रडून रडून माझ्या खांद्यावर झोपलं. उठून जावं तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. नवरा मिलानला गेलेला. मी आईला फोन केला की तू जाऊन चिऊला आण, रस्ता तुला माहितीये, मायेस्त्रा, म्हणजे वर्गाच्या बाई, तुला रोज बघतात, काही प्रॉब्लेम नाही. हे मी म्हटलं. काही प्रॉब्लेम नाही.

आई चारला दहा कमी असताना पोचली. हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात चिऊसाठी शंकरपाळे. पंजाबी ड्रेस, वर स्वेटर, पायात आम्ही घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज. चिऊ काचेच्या दारातून "आज्जी!" म्हणून ओरडत धावत आली आणि मायेस्त्राने तिला अलगद धरून मागे घेतलं. आईला वाटलं काहीतरी राहिलं असेल, दप्तर वगैरे. मग मायेस्त्रा बाहेर आली, इटालियनमधे काहीतरी बोलली, मान हलवली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आईने पासपोर्ट काढून दाखवला. पासपोर्टवर आईचं नाव, मग बाबांचं नाव, मग माझं माहेरचं आडनाव. माझं आडनाव लग्नानंतर बदललेलं, चिऊचं तिच्या बाबाचं. म्हणजे त्या पासपोर्टवरून ही हिची आजी आहे हे कोणालाच कळणार नाही. तिने मोबाईलवरचे फोटो दाखवले, चिऊ बारशाला मांडीवर आहे तो पण दाखवला. मायेस्त्रा हसली म्हणे, छान हसली, पण दार नाही उघडलं. त्यांनी मला फोन केले तर माझा फोन त्या ऑफिसात सायलेंटवर. नवऱ्याला लागला, तो म्हणाला या माझ्या सासूबाई आहेत, जाऊ द्या. तर म्हणाल्या फोनवर कोण बोलतंय ते आम्हाला कसं कळणार, अधिकारपत्र पाहिजे, दोन्ही पालकांच्या सह्या आणि त्या व्यक्तीच्या ओळखपत्राची कॉपी पाहिजे. आणि हेही सांगितलं की कोणीच आलं नाही तर नियमाप्रमाणे शेवटी नगर पोलिसांना कळवावं लागतं. पोलिस! सख्खी आजी दाराबाहेर उभी आहे, नात आत काचेला नाक लावून उभी आहे, आणि हे पोलिसांचं बोलतात.

मी पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. बाळाला कडेवर घेऊन बस स्टॉपपासून पळत आले. आणि बघते तर आई समोरच्या पोर्तिकोखालच्या बाकावर बसलेली, शेजारी एक इटालियन आजीबाई, मधे शंकरपाळ्यांचा डबा उघडा.

ही आजीबाई म्हणजे चिऊच्या वर्गातल्या एका मुलाची नोन्ना, त्याच्या आईची आई. इथे चार वाजता शाळेच्या दारात बघा, निम्मे लोक सत्तरीचे. नोकरी करणाऱ्या आयांचा सगळा भार इथेही नोन्ना नोन्नोवरच, म्हणजे आजी आजोबांवरच आहे, त्यांच्यासाठी 2005 मध्ये संसदेने कायदा करून दिवस ठरवलाय, 2 ऑक्टोबर, आपली गांधी जयंती. तर या बाईंनी आपल्या नातवाला घेतलं आणि घरी जाता जाता आई एकटी उभी दिसली म्हणून थांबल्या. तासभर थांबल्या. आईला इटालियनमधे 'ग्रात्सिए' आणि 'बुओनजोर्नो' सोडून काही येत नाही, त्यांना इंग्रजीही नाही. त्यांनी आईला हाताला धरून बाकावर बसवलं, आपल्या नातवाच्या मेरेंदाच्या, म्हणजे दुपारच्या खाऊच्या पिशवीतलं पाणी दिलं, आत जाऊन मायेस्त्राशी भांडल्या (हे मला नंतर दुसऱ्या एका आईने सांगितलं), आणि मग आईने डबा उघडून पुढे केला तर एक शंकरपाळा तोंडात टाकून म्हणाल्या, "स्फ्राप्पोले!" आई रात्री मला विचारत होती, स्फ्राप्पोले म्हणजे काय गं, शिवी तर नाही? अगं नाही, इथे कार्निव्हलला पिठाच्या पट्ट्या तळून वर पिठीसाखर भुरभुरवतात, त्याला बोलोन्यात स्फ्राप्पोले म्हणतात.

मला बघून त्या नोन्ना उठल्या, आधी बाळाचे पाय बघितले, मोजे नव्हते, आपल्या गळ्यातला स्कार्फ काढून पायांना गुंडाळला आणि मला दोन मिनिटं रागावल्या. मे महिना, चोवीस डिग्री. इथे सगळ्या म्हाताऱ्यांना मुलांना वारं लागण्याची भयंकर भीती, 'कोल्पो दारिआ' म्हणतात. एरवी मी चिडले असते, त्या दिवशी मला रडायला आलं.

मायेस्त्राशी मी भांडले. माझ्या त्या वेळच्या इटालियनमधे जेवढं भांडता येईल तेवढं. तिने शांतपणे सांगितलं की सांभाळायची जबाबदारी असताना 14 वर्षांखालच्या मुलाला वाऱ्यावर सोडणं इथे फौजदारी कायद्याच्या 591 कलमाखाली गुन्हा आहे, आणि मूल ज्याच्या हातात द्यायचं त्याचं नाव कागदावर नसेल तर उद्या काही झालं तर जबाबदार ती. नंतर मी वाचलं की शाळा सुटल्यावर एका मोठ्या शाळेतल्या मुलाचा बसखाली मृत्यू झाला होता आणि त्या प्रकरणात 2017 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेला जबाबदार धरलं. त्यावर इतका गोंधळ झाला की त्याच वर्षी कायदा करून, आईबापांनी लेखी दिलं तर मोठ्या मुलांना एकटं घरी जाऊ देण्याची सोय केली. म्हणजे इथे हा विषय सगळ्यांच्याच जिव्हारी लागलेला आहे. आडनावाचं पण मला तेव्हाच कळलं, इथे बायका लग्नानंतर कागदोपत्री आडनाव बदलतच नाहीत, त्यामुळे आईच्या आईचं एक, आईचं दुसरं, मुलाचं तिसरं. आडनावावरून नातं ओळखायची पद्धतच नाही. मग कागदच लागणार.

हे सगळं मला पटतं. खरंच पटतं. आपल्याकडे पण आता पुण्याच्या शाळांमधे पिकअप कार्ड असतं, माझ्या वहिनीने एकदा ते घरी विसरलं तर तिलाही अर्धा तास थांबवलं होतं, उगीच कोणी म्हणायला नको की आपल्याकडे सगळं रामभरोसे चालतं. पण मी लहान असताना पंचवटीत शाळेतून मला कोणीही आणायचं. शेजारचे काका, वरच्या मजल्यावरची ताई, एकदा तर आईला उशीर झाला म्हणून दुकानदाराने मला पोत्यावर बसवून गूळ शेंगदाणे दिले होते. मला तेव्हा काही झालं नाही. हो, मला झालं नाही म्हणून कोणालाच झालं नसेल असं नाही, माहितीये. तरी सुद्धा.

आणि कागदाचं म्हणाल तर कागद आम्ही केले नव्हते असं नाही हो! आई आल्यावर 48 तासांच्या आत पोलिसांना लेखी कळवलं होतं की ही बाई आमच्या घरी राहणार आहे, बाहेरच्या देशाचा पाहुणा घरी ठेवला की ते करावंच लागतं, पासपोर्टच्या झेरॉक्ससकट. म्हणजे पोलिसांना माहिती होतं आई कुठे झोपते ते. फक्त शाळेला माहिती नव्हतं. ती चूक माझी, देलेगा मी भरायला हवा होता, सप्टेंबरमधे तेव्हा कोण होतं आमचं इथे ज्याचं नाव लिहावं, म्हणून ती जागा रिकामी सोडली होती. आमच्या त्या फॉर्मवरच्या तीनही ओळी रिकाम्या होत्या.

आई घरी येताना काही बोलली नाही. रात्री कणीक मळता मळता म्हणाली. आई स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, एकतीस वर्षं, त्यातली बरीच दिंडोरी तालुक्यात. म्हणाली, "बाई बरोबर होती. मी पण दिली नसती. आमच्याकडे एकदा बाप दारू पिऊन मुलीला न्यायला आला होता, मी संध्याकाळपर्यंत तिला माझ्या घरी ठेवलं, सरपंचाला बोलावलं, पण दिली नाही. पण त्या बापाला सुद्धा मी वर्गात बसायला खुर्ची दिली होती गं. मला तिने बाहेर उभं केलं."

एवढंच म्हणाली आणि पोळी लाटायला घेतली. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले, मला पुढे काही बोलताच येईना. मायेस्त्रा आपली वेळ संपल्यावरही पाऊण तास चिऊबरोबर थांबली होती, तिला चित्र काढायला बसवलं होतं, हे मला मान्य आहे आणि त्याबद्दल मी दुसऱ्या दिवशी तिचे आभारही मानले. पण माझ्या आईला खुर्ची दिली नाही. दारापासून चार पावलांवर छोट्या मुलांच्या लाकडी खुर्च्यांची रांग असते. ते अजूनही माझ्या मनातून जात नाही, तुम्हाला छोटी गोष्ट वाटत असेल तर वाटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्म भरून दिला. आईने मराठीत सही केली, पासपोर्टवर आहे तशीच. त्या दिवसापासून जूनच्या शेवटापर्यंत चिऊला आईनेच आणलं, मी गेलेच नाही. मुद्दामच नाही गेले. दोघी आज्या रोज त्या बाकावर बसायच्या आणि मुलं कमानींमधे पळायची, काय बोलायच्या देव जाणे. त्या नोन्नांनीच आम्हाला सांगितलं की सान लूकाची मादोन्ना खाली येणार आहे, आईला घेऊन या. डोंगरावरच्या देवळातली ही मेरीमातेची तसबीर दर वर्षी मे महिन्यात शहरात मुक्कामाला येते, 1433 पासून. त्या वर्षी पाऊस थांबेना, पिकं जायची वेळ आली, तेव्हा लोकांनी तिला खाली आणलं आणि पाऊस थांबला म्हणतात. आपण पाऊस पडावा म्हणून साकडं घालतो, हे थांबावा म्हणून. शनिवारी संध्याकाळी गर्दीत आम्ही उभे होतो, तसबीर समोरून गेली तेव्हा आईने चपलेतून पाय बाहेर काढून हात जोडले. "पालखीच आहे," म्हणाली. पुढच्या आठवड्यात हट्टाने वरच्या देवळात चालत गेली, 666 कमानी आहेत, जवळजवळ चार किलोमीटर, पुढचा निम्मा रस्ता सगळा चढ. चिऊने निम्म्यात मांडी घातली तर आईने तिला "चल, सप्तशृंगीला आलोय आपण" म्हणत म्हणत वर नेलं. एकदा रिमिनीला समुद्रावर पण गेलो, तिथे जेवल्यावर दोन तास एकही इटालियन आई मुलांना पाण्यात जाऊ देत नव्हती, आईला हे फार आवडलं.

जुलैच्या मध्यात आई परत गेली. नव्वद दिवसांच्या वर थांबता येत नाही. विमानतळावर चिऊ इतकी रडली की सिक्युरिटीवाल्याने आम्हाला दोरीच्या आत थोडं पुढपर्यंत जाऊ दिलं, ज्याला तसा अधिकार होता की नाही मला माहिती नाही.

परवा शाळा सुरू झाली. त्या नोन्ना दारातच भेटल्या, चिऊचा गालगुच्चा घेतला, मला विचारलं, नोन्ना कुठाय? म्हटलं इंडियात. कधी येणार? एकशेऐंशी दिवसांतले नव्वद दिवस असा हिशेब असतो हे त्यांना इटालियनमधे समजावून सांगायला गेले, ते जमलं नाही, मग नुसतं "दिवाळीनंतर" म्हटलं. त्यांना दिवाळी काय कळणार. त्यांनी मान डोलावली.

काल रात्री फॉर्म भरला. तीन ओळी आहेत. पहिल्या ओळीत आईचं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'नोन्ना मातेर्ना', म्हणजे आईची आई, आणि पासपोर्टची झेरॉक्स जोडली. नवरा म्हणाला त्या इथे नाहीयेत ना पण आत्ता. म्हटलं असू दे. दुसऱ्या ओळीत त्या बाकावरच्या नोन्नांचं नाव टाकायचंय, त्यांच्या ओळखपत्राची कॉपी लागेल, उद्या चार वाजता विचारते.