काचेआडचे आजोबा

रात्री एकच्या सुमारास आमच्या गस्तीच्या गाडीला पोलीस कंट्रोलचा कॉल आला. ७८ वर्षांचे आजोबा, स्मृतिभ्रंशाचा आजार, घरातून कधी बाहेर पडले ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. अंगावर रात्रीचे कपडे आणि पातळ स्वेटर, पायात सपाता. मी पेन उघडायच्या आत त्यांचा फोटो डॅशबोर्डजवळच्या स्क्रीनवर आला होता आणि नकाशावर त्यांच्या घराभोवती शोधाची हद्दही आखून झाली होती. मी नोकरीला लागले तेव्हा असं वर्णन वायरलेसवर तीन-तीनदा विचारून घ्यावं लागायचं आणि तरी चेहरा काही डोळ्यांसमोर यायचा नाही. त्या स्क्रीनचं मला अजूनही अप्रूप आहे.

त्या रात्री माझी खरी भिस्त मात्र गाडीच्या टपावरच्या थर्मल कॅमेऱ्यावर होती. हा कॅमेरा उजेडावर चालत नाही. वस्तूंमधून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी, तो टिपतो. थंडीत त्याला आणखी नीट दिसतं, कारण भोवतालचं सगळं गार आणि माणूस तेवढा उबदार. पडद्यावर रस्ते काळे-करडे आणि जिवंत अंग पांढरंशुभ्र. कुंपणाखाली अंग चोरून बसलेलं मांजर आम्हाला कितीतरी लांबून दिसलं. नुकत्याच येऊन थांबलेल्या एका मोटारीचं बॉनेट चमकत होतं.

जोडीदार गाडी चालवत होता, मी कॅमेरा फिरवत होते. गल्ली संपली की नकाशावर ती हिरवी व्हायची. गाडी कुठून गेली ते जीपीएसमुळे कंट्रोललाही दिसत असतं. तीन वाजेपर्यंत जवळजवळ सगळा नकाशा हिरवा झाला. आजोबा कुठेच नव्हते. शेवटी कंट्रोलने हद्द वाढवली आणि आम्ही मोठ्या रस्त्याकडे निघालो.

वाटेत इमारतींच्या मागचा मोकळा वाहनतळ लागला. तिथून आम्ही आधी एकदा जाऊन आलो होतो. "इथलं झालंय आपलं," जोडीदार म्हणाला. झालंच होतं. पण पडद्यावर ओळीने उभ्या असलेल्या मोटारी आणि त्यांच्या एकजात काळ्या काचा पाहिल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला गाडी थांबवायला सांगितली.

थर्मल कॅमेऱ्याला काचेपलीकडचं दिसत नाही. आपल्या डोळ्यांना आरपार दिसणारी काच या लहरींच्या वाटेत भिंतीसारखी उभी असते. पडद्यावर जे येतं ते काचेचं स्वतःचं तापमान, आणि तिच्यात पडलेलं गार आकाशाचं प्रतिबिंब. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. चाचणीत मी ते बरोबर लिहिलंही होतं. आणि तरी गेले दीड-दोन तास बंद मोटारींवरून कॅमेरा फिरवून मी "कुणी नाही, पुढे घे" म्हणत होते.

टॉर्च घेऊन उतरले. सगळ्याच मोटारींवर दव होतं. बाहीने काच पुसायची, आत उजेड टाकायचा, पुढच्या मोटारीकडे जायचं. सातवी की आठवी असेल, जुनी राखाडी मोटार. काच पुसली, दव गेलं, पण धूसरपणा तसाच. पुन्हा पुसली. तसाच. धुकं काचेच्या आतल्या बाजूला होतं. आत कुणीतरी श्वास घेत होतं.

मागच्या दाराला लॉक नव्हतं. आजोबा सीटवर आडवे, गुडघे पोटाशी, एकाच पायात सपाता. मी दार उघडलं त्याच क्षणी आमच्या गाडीतून जोडीदाराची हाक आली. त्याच्यासमोरच्या पडद्यावर काळ्या चौकोनाच्या जागी एकदम पांढरा आकार उमटला होता.

त्यांचं कुडकुडणं थांबलं होतं आणि मला धास्ती वाटली ती त्याचीच. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली जाऊन आणखी उतरत गेलं की कुडकुडण्याची ताकदही संपते. अशा माणसाचे हातपाय चोळायचे नसतात, त्याला हिसके द्यायचे नसतात. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आम्ही त्यांना अलगद ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, डोकं झाकलं, रुग्णवाहिका मागवली. ते काहीतरी पुटपुटत होते. कान जवळ नेला तेव्हा कळलं. "चावी सापडत नाही गं."

"मी आणते, आजोबा. तुम्ही पडून राहा."

त्यांच्याकडे पूर्वी अगदी त्याच रंगाची मोटार होती, असं त्यांची मुलगी मला दवाखान्यात म्हणाली. दुपारपर्यंत त्यांचं अंग गरम झालं आणि ते तिच्याशी बोलायला लागले.

पाळी संपल्यावर घरी गेले नाही. रेकॉर्डिंग उघडून बसले. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा पाटीवर स्वतःचा अवरक्त उजेड टाकतो, म्हणून तो मिट्ट काळोखातही नंबर वाचू शकतो. त्या राखाडी मोटारीचा नंबर त्याने पहिल्या फेरीतच, १ वाजून ४८ मिनिटांनी, अचूक वाचला होता. गाडी चोरीच्या यादीत नव्हती, त्यामुळे इशारा वाजायचं काही कारणच नव्हतं. डॅशकॅममध्येही ती आलेली होती, आमच्या दिव्यांच्या झोतात, जेमतेम दोन सेकंद. ती फ्रेम थांबवून मी कितीतरी वेळ पाहिली. शेजारच्या दव पडलेल्या काचांत आणि हिच्यात कसलाही फरक दिसत नव्हता. त्या काचेआड, आमच्यापासून चार पावलांवर, ते होते. आणि नकाशावर ती जागा हिरवी.

अहवालात मी एकच मागणी लिहिली: बंद वाहनांत टॉर्चने पाहिल्याशिवाय वाहनतळ हिरवा होऊ नये. पाठपुरावा करावा लागला, पण आता वाहनतळाची खूण आपोआप होत नाही, खाली उतरून तपासणाऱ्याने हाताने करायची असते. परवा रात्री एका मुलीच्या शोधात ती करायची वेळ आली, तेव्हा माझ्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.