पॅरिसची घरं आणि त्यांची छपरं

पॅरिसची घरं बघायची तर मी सुरुवात प्लास द वोजपासूनच करायला सांगेन. चौथ्या आँरी राजानं 1605 मध्ये काढलेला हा चौक 1612 मध्ये पुरा झाला. चारी बाजूंना एकाच आराखड्याची घरं: खाली कमानी, वर लाल वीट, कडांना फिकट दगड, माथ्यावर स्लेटचं उंच छप्पर. जवळ जाऊन बघा, काही विटा गिलाव्यावर रंगवलेल्या आहेत.

पुढं फ्रान्स्वा मांसार (1598–1666) या वास्तुकारामुळे दोन उतारांचं छप्पर गाजलं. खालचा उतार जवळजवळ उभा, वरचा चपटा. त्यामुळे पोटमाळ्यावर माणूस ताठ उभा राहतो आणि उतारातच खिडकी बसते.

तिथून आव्हन्यू द लोपेराला या. इथं झाडं नाहीत, त्यामुळे पॅरिसचे नवे रुंद रस्ते आखणारा प्रशासक ओसमान (कारकीर्द 1853–1870) याच्या धाटणीतली घरांची रांग सलग दिसते. 1859 चा नियम असा: रस्ता 20 मीटर रुंद असेल तर दर्शनी भिंत 20 मीटरपर्यंतच, आणि त्यावरचं छप्पर भिंतीच्या माथ्यापासून 45 अंशांत मागे झुकणाऱ्या रेषेच्या आत. ही घरं देखणी दिसतात ती मला तरी या नियमामुळेच वाटतात. तळाला दुकान, त्यावर बुटका मजला. दुसरा मजला श्रीमंतांचा, म्हणून छत उंच आणि पुढे बाल्कनी. पाचव्यावर सलग लांब बाल्कनी, आणि छपराखाली मोलकरणींच्या खोल्या, त्यांना मागचा वेगळा जिना. लिफ्ट नव्हती तेव्हा जितकं वर, तितकं भाडं कमी.

खिडक्या आत उघडतात, कारण बाहेर लाकडी झडपा असतात. पण आत उघडणाऱ्या खिडकीत पाऊस तळातून शिरतो. म्हणून खालच्या आडव्या पट्टीला बाहेर झुकलेली गोलसर कड ठेवतात, पाणी तिच्यावरून बाहेर गळतं.

जवळच्या गॅलरी लाफायेत या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर जायला पैसे पडत नाहीत. तिथून दिसणारा राखाडी पसारा जस्ताच्या पत्र्याचा. हलका असल्यानं तो कमी उतारावरही चालतो, पण उन्हात बराच फुगतो. सगळे पत्रे सोल्डरचा डाग देऊन एकसंध केले तर ते फाटतात, म्हणून लाकडी पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना कडा वर वळवून, क्लिपांनी सैल धरून ठेवतात. खालून दमट हवा कोंडली तर जस्त आतून गंजतं. उन्हाळ्यात छपराखालच्या त्या खोल्या तापतात, पण उष्णतारोधक थर भरतानाही पत्र्याखाली वारा खेळायला फट सोडावीच लागते, आणि आधीच बुटक्या खोलीचं छत आणखी खाली येतं.