पांढरी बाद, निळीचं बघतोय

दोन जुन्या बोटींतली एक घ्यायची आहे, एक पांढरी, एक निळी. पांढरीचा ट्रान्सम (मोटर अडकवायची मागची भिंत, आत प्लाय, वरून फायबर) आतून कुजलाय. दोन्ही बोटी १४ फुटी, दोन्ही फायबरच्या, भावात फारसा फरक नाही, त्यामुळे गाडं अडलं होतं. काल नवापूरकडे, उकाई धरणाच्या फुगवट्यावर जाऊन पांढरी नीट तपासली.

वरून काहीच कळत नाही. जेलकोट (वरचा रंगीत थर) चकचकीत. फक्त मोटरच्या क्लॅम्पखाली कोपऱ्यात केसाएवढी भेग होती. मोटरचा खालचा पाय धरून हलवला, तर मोटरीबरोबर ट्रान्समही डुलला. मग प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत गेलो. वर खणखणीत, ड्रेनच्या बुचाजवळ तडा गेलेल्या मडक्यासारखा भद्द. मालकाला विचारून आतल्या बाजूनं, तळाशी, ४ मिमीचं भोक पाडलं. चांगल्या प्लायचा भुसा फिकट आणि कोरडा येतो. इथं ड्रिलला काळा लगदा चिकटून आला आणि मागोमाग पाण्याचा ओघळ. जुन्या स्क्रूची भोकं कुणीतरी नुसती एम-सीलनं बुजवलेली. पाणी तिथूनच मुरलं असणार. बाहेरचं फायबर शाबूत, मधलं लाकूड खलास.

दुरुस्ती होते. आतली फायबरची कातडी कापायची, सडका प्लाय खरवडायचा, नवा मरीन प्लाय इपॉक्सीनं बसवायचा. जुन्या फायबरवर पॉलिएस्टर रेझिन तेवढं धरत नाही. आणि इपॉक्सी वापरायचं तर चॉप्ड मॅट (तुटक तंतूंची) नको, विणलेलं ग्लास क्लॉथ घ्या. पण प्लाय आणायचा कुठून? दुकानदार आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का दाखवतात, ‘तुकडा द्या, उकळून बघतो’ म्हटलं की चहा मागवतात. शिवाय अख्खा हिवाळा यात गेला तर घरच्यांना पाण्यावर न्यायचं कधी?

म्हणजे निळी. भुसावळचीच, सपाट बुडाची. तिला भोक पाडलं, भुसा कोरडा. हे बघून जो आनंद झाला तो घरी कुणाला समजावता आला नाही! बोटीच्या काठावर माणूस उभा राहिला तरी ती पटकन कलत नाही. मायची अट एवढीच होती, “मले बसता आलं पायजे, मासे मंग पाहू.”

घोळ उंचीचा आहे. माझी ९.९ एचपीची पेट्रोल मोटर लाँग शाफ्ट (लांब दांड्याची), २० इंची. निळीचा ट्रान्सम १५ इंची. प्रोपेलर पाच इंच जास्त खाली जाणार आणि हतनूर धरणात गाळ किती आहे ते तुम्हाला माहीतच आहे. गाळ ओढला की आधी इम्पेलर (मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा पंखा) जातो. रायझर ठोकळा लावून मोटर उचलायचा विचार होता.

पण हे टाइप करतानाच डोक्यात आलं, घरच्यांसाठी पेट्रोल मोटर हवीच कशाला? १२ व्होल्टची ५५ पौंडी ट्रोलिंग मोटर (बॅटरीवरची छोटी मोटर) फुल स्पीडला साधारण ५० अँपिअर खाते. १०० एएचची (अँपिअर-तासांची) लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे जेमतेम तासभर. संथ चालवली तर बरीच जास्त. पोरांना चक्रवाक, थापट्या ही बदकं दाखवायची तर आवाज नसलेलाच बरा. वाऱ्यात अडकलो तर वल्ही आहेतच. लिथियम परवडली तर सोन्याहून पिवळं.

तेव्हा रायझर तूर्त रद्द. रविवारी निळीच्या एकाच बाजूला वाळूच्या गोण्या रचून ती किती कलते ते बघतो, मगच सौदा. कुणी जुनी ट्रोलिंग मोटर विकत असेल तर सांगा, शाफ्ट ३६ इंची चालेल.