ट्यूबमधलं पाणी पाणीच राहिलं

जुलैतला मुसळधार पाऊस. कोल्हापुरात सगळ्यांच्या फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फिरत होती. 39 फुटांची इशारा पातळी ओलांडलेली, 43 ला धोका. माझी एक विद्यार्थिनी शिरोळ तालुक्यातली, रस्ता बंद व्हायच्या आत तिला निघायचं होतं. आणि नेमकी त्याच सकाळी आमच्या प्रयोगशाळेतली दोन प्रथिनं, मिसळली की आपोआप पिंजरा बांधतील अशी आखलेली, शुद्धीकरणाच्या नळीतून (कॉलममधून) बाहेर आली. ती म्हणाली, "मॅडम, मिसळूनच जाते."

या पिंजऱ्याचं डिझाइन आमचं नव्हे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने ते 2016 मध्ये प्रसिद्ध केलं. बेकर यांना 2024 चं नोबेल मिळालं. एका जीवाणूचं तीन साखळ्यांचं प्रथिन घ्यायचं, दुसऱ्या जीवाणूचं पाच साखळ्यांचं. दोन्ही एकमेकांना जिथे भिडतील, तेवढ्या पृष्ठभागावरची अमिनो आम्लं संगणकावर बदलायची. मग 20 तिकड्या आणि 12 पाचकड्या मिळून 120 साखळ्यांचा पोकळ पिंजरा स्वतःच उभा राहतो. त्या तिकड्यांवर कोरोना विषाणूचा तुकडा बसवून केलेली लस दक्षिण कोरियाने 2022 मध्ये मंजूर केली, म्हणजे हा नुसता कागदी खेळ नाही. आम्हाला तेच आमच्या बाकावर करून पाहायचं होतं.

चिकटवणं सोपं असतं, प्रथिनं कशालाही चिकटतात. अवघड आहे ते नको तिथे न चिकटणं. उद्यमनगरातल्या कुठल्याही फिटरला विचारा: भाग आपल्या जागी घट्ट बसला पाहिजे, पण दुसऱ्या जागी शिरताच कामा नये. हा नेमकेपणा नसला की द्रावण दुधाळ होतं, तळाशी गाळ बसतो आणि महिन्यांचं काम सिंकमध्ये जातं. ते दृश्य मी पुष्कळदा पाहिलंय.

तिने दोन्ही द्रावणं ट्यूबमध्ये एकत्र केली. आम्ही तिघं वाकून बघतोय, मी, ती आणि प्रयोगशाळेतले मामा.

"काय झालंच न्हाई की ओ मॅडम," मामा म्हणाले. "पाणीच हाय हे."

मामा, तेच तर हवंय!

मग डीएलएस. या यंत्रात लेझरचा विखुरलेला प्रकाश मोजून कणाचं माप काढतात. मोठे कण इथे भलतेच बोलके असतात: व्यास दुप्पट झाला की विखुरणारा प्रकाश 64 पट. म्हणून धुळीचा एक कणही सगळं बिघडवतो, आणि क्युवेट (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक डबी) धुण्यावरून माझा आरडाओरडा चालू असतो. आधी दोन्ही प्रथिनं सुटी मोजली. आलेखावर दहा नॅनोमीटरच्या आत, दोन छोट्या टेकड्या. मग मिश्रण लावलं. जुन्या टेकड्या दिसेनात. 25 ते 30 नॅनोमीटरदरम्यान एकच उंच सुळका, आजूबाजूला काही नाही.

ती ओरडली नाही. परत मोजूया म्हणाली. मोजलं, तसाच आला. मी तिला बसस्टँडवर पिटाळलं.

अर्थात डीएलएसचा सुळका म्हणजे पिंजरा दिसला असं होत नाही, गोल गुठळ्याही असं माप देऊ शकतात. उरलेला नमुना मामांनी थंड खोलीत ठेवलाय, ट्यूबवर तिच्याच अक्षरात तारीख आहे. ग्रिडवर, म्हणजे बारीक जाळीच्या चकतीवर, युरेनिल ॲसिटेटने रंगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं बाकी आहे. त्यासाठी नंबर लावलाय.